राइलीच्या रानातला नियम

राइली कोक्कोनिएमीच्या हातून निघालेले सायलेन्सर जर्मनीत आहेत, नॉर्वेत आहेत, स्कॉटलंडच्या डोंगरात हरणं राखणाऱ्या कुणा माणसाच्या बंदुकीवरही एखादा असेल. तिच्या स्वतःच्या घरात मात्र गेल्या शरदापर्यंत एकही नव्हता. घरात रायफली तीन. नवऱ्याची, थोरल्याची आणि धाकट्या लेकीची, वेन्लाची. तिन्हींची तोंडं उघडी.

सायलेन्सर म्हटलं की परक्या माणसाला सिनेमातला खुनी आठवतो. काळे हातमोजे, फुस्स असा आवाज आणि समोरचा आडवा. राइलीला याचा भारी वैताग. "फुस्स होत नाही हो काही," ती सांगते. "गोळी आवाजाच्याही पुढे पळते. तिचा कडाका रानभर जायचा तो जातोच. आमची नळी फक्त कानाजवळचा स्फोट अडवते. मोटारसायकलच्या मागे असते ना, तसली. मोटारसायकलवाल्याला कुणी खुनी म्हणतं का?" कोर्पिला गावाच्या आसपास हे कुणाला समजावावं लागत नाही. शेजारच्या प्रत्येक गावात मूस हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस रायफलीला नळी लावूनच घराबाहेर पडतो. नाही लावत ते एकट्या कोर्पिलाचे. आणि त्या कोर्पिलातच राइलीचं सासर.

ती जन्मली ती नदीपलीकडे, बारा भावंडांतली नववी. घरात टीव्ही नाही, दारू नाही, नाचगाणं नाही. रविवारी प्रार्थनाघर, बुधवारी कुणाच्या तरी घरी भजनं. अशा घरात मुलींना एक गोष्ट चालायला शिकण्याआधी शिकवतात, ती म्हणजे राग गिळायचा. कुणी चुकला आणि त्याने क्षमा मागितली, तर तिथल्या तिथे द्यायची. येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझी पापं क्षमा झाली, असं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, गळ्यात हात टाकायचे, आणि विषय संपला. राइलीने आयुष्यात हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल ते देवालाच ठाऊक. लहानपणी वेणी ओढणाऱ्या भावाला, मोठेपणी वारसाहक्काची वाटणी करताना तिला दलदलीचा तुकडा देऊन मोकळ्या झालेल्या त्याच भावाला, आणि लग्नानंतर नवऱ्याला, तायस्तोला, तर दर आठवड्याला.

तो दलदलीचा तुकडा म्हणजे हाउकिसुओ. शेतीला निरुपयोगी, लाकडालाही फारसा नाही. पण मूस हरणांची वाट तिथूनच जाते. गावाच्या शिकारगटाचे सगळ्यांत चांगले तीन ठिय्ये, शिकारी दबा धरून बसतात त्या जागा, त्या जमिनीवर आहेत. भाऊ अजून हळहळतो.

सहा मुलं जरा मोठी झाल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी राइली नोकरीला लागली. तालुक्याच्या गावी इल्का नावाच्या माणसाने गोठ्यात दोन लेथ मांडून सायलेन्सरचा कारखाना काढला होता. राइलीला घेतलं ते झाडायला, पुसायला आणि खोकी भरायला. तेव्हाचा माल म्हणजे पोलादाची जाड नळी, आत एकामागे एक शंकूसारख्या चकत्या, आणि वरून वेल्डिंग. कॉफीच्या थर्मासएवढा जड. रायफलीच्या टोकाला लावला की नेम खाली झुकायचा, झुडपांत अडकायचा, आणि दिवसभर खांद्यावर बाळगणारा शिकारी घरी येऊन बायकोकडून पाठ चोळून घ्यायचा.

दोन वर्षांत राइली वेल्डिंग शिकली. इल्का म्हणायचा, "तुझा टाका शिवणकामासारखा सरळ येतो गं." ती म्हणायची, "सहा पोरांच्या विजारी शिवल्यात. दुसरा कसा येईल?" मग नवी रचना आली. नळीचा अर्धा भाग मागे सरकवून बंदुकीच्या नळीवरच टोपीसारखा बसवायचा, म्हणजे पुढे लांबी वाढत नाही आणि तोलही राहतो. मग पोलाद गेलं, टायटॅनियम आलं. आणि शेवटी आलं ते यंत्र. काचेच्या खिडकीचं, फ्रीजएवढं. आत पिठीसाखरेहून बारीक धातूची भुकटी पसरायची, लेझरचा ठिपका तिच्यावर पळायचा आणि जिथे पळेल तिथे भुकटी विरघळून घट्ट व्हायची. थरावर थर. सकाळी दार उघडलं की भुकटीत पुरलेले सायलेन्सर, रेतीत पुरून ठेवलेल्या गाजरांसारखे. कोणताही लेथ कापू शकणार नाही असे आत वळणावळणाचे मार्ग. स्फोटाचा वायू त्यात फिरून फिरून दमतो आणि थंड होऊन बाहेर पडतो. जोड नाही, टाका नाही. राइलीचं वेल्डिंग संपलं. ती आता तोंडाला मुखवटा बांधून भुकटी झाडते, आतल्या वळणांत कण राहिला नाही ना ते कॅमेऱ्याने बघते, आणि नमुन्याला काढलेली नळी चाचणीच्या खोलीत लावून नेमबाजाच्या कानाजवळ ठेवलेल्या मायक्रोफोनचा आकडा वाचते.

हा आकडा तिच्या डोक्यात पक्का बसला. नळी नसताना किती, असताना किती. एका उघड्या गोळीने कान कायमचा जाऊ शकतो हे तिला कारखान्याने शिकवलं. घरातल्या माणसाकडे बघूनही कळलंच असतं म्हणा.

तायस्तो शिकारगटाचा म्होरक्या. तरुणपणी त्याचं नाव झालं ते कानामुळे. तेव्हा खिशात फोन नव्हते. हाका, म्हणजे कुत्री सोडून जनावर उठवणं, सुरू झाला की म्होरक्या रस्त्यावर उभा राहून कान देऊन ऐकायचा. एक गोळी म्हणजे जनावर पडलं. दोन, मध्ये थांबून, म्हणजे जखमी झालंय. तीन सारख्या अंतराने म्हणजे माणसाला मदत हवी. तायस्तो नुसतं तेवढं सांगायचा नाही, रायफल कुणाची तेही सांगायचा. "हा पेन्टी, खोकल्यासारखी वाजते त्याची. हा रेयो." लोक थक्क व्हायचे. त्याला म्होरक्या केलं, आणि गटाच्या नियमांत एक ओळ घातली: हाक्याच्या शिकारीत आवाज दाबणारं साधन वापरू नये, म्होरक्याला गोळी ऐकू आली पाहिजे.

फोन आले, नकाशे आले, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे आले, कोणतं कुत्रं कुठे भुंकतंय ते पडद्यावर दिसायला लागलं. ती ओळ तशीच राहिली.

तायस्तोचे कान गेले. डावा आधी, मग उजवा. घरात त्याचं म्हणणं एकच, "पुटपुटू नकोस, नीट बोल." प्रार्थनाघरात तो पहिल्या बाकावर बसतो, लोकांना वाटतं भक्ती वाढली. नातवंडं त्याच्या मांडीवर बसून काहीबाही सांगतात आणि तो भलत्याच ठिकाणी हसतो. कान तपासायला चल म्हटलं की म्हणतो, "माझ्या कानांना काय झालंय?" राइली हे ऐकते आणि सकाळी कारखान्यात जाऊन परक्यांचे कान वाचवते.

आवाज अडवणारे टोप कानाला का लावत नाहीत, असं बाहेरचा माणूस विचारेल. लावतात की. म्हणजे गळ्यात लावतात. ठिय्यावर बसलेल्या माणसाला काटकी मोडल्याचा आवाज ऐकायचा असतो, दलदलीत पाय पडल्याचा चुबुक ऐकायचा असतो. टोप कानावर ओढला की त्याला वाटतं आपण आंधळे झालो. मूस दिसतो तेव्हा वेळ उरते एका श्वासाची, आणि तो श्वास टोपासाठी कोण घालवणार?

वेन्ला शिकारीची परीक्षा पास झाली तेव्हा राइलीने कारखान्यातून एक सायलेन्सर आणला. यंत्रातून निघालेला, तिनेच भुकटी झाडलेला. तिने तो वेन्लाच्या रायफलीवर स्वतः फिरवून बसवला.

"बाबा चालू देईल?" वेन्लाने विचारलं.

"बाबाचं मी बघते. तू मूस बघ."

"आणि गटातले हसले तर?"

"हसू देत. ऐकू येतंय तोवर हसून घेऊ देत."

ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी राइली रोजच्यासारखी पाव भाजत होती, बाकीचे निघून गेले. दुपारी ती कॉफीचे थर्मास आणि दालचिनीचे पाव गाडीत घालून रस्त्यावरच्या ठिकाणी गेली, जिथे म्होरक्या उभा राहतो. तायस्तो नारिंगी बंडी घालून गाडीला टेकून उभा होता, फोन तळहातात. जवळ दोघे-तिघे म्हातारे, हात मागे बांधून. राइली झाकण उघडून कॉफी ओतत होती, तेवढ्यात पूर्वेकडून, हाउकिसुओच्या बाजूने, गोळी वाजली. इतकी खणखणीत, की तिच्या हातातून कॉफी सांडली.

म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. तायस्तोने वळवली नाही. तो जोड्यावरचा चिखल बघत होता.

राइली तिथेच थांबली. मग तायस्तोच्या तळहातातला फोन थरथरला. त्याने खाली बघितलं, ओठ हलवत वाचलं, आणि मान ताठ करून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत ना? पूर्वेला. एकच. वेन्ला असणार ती."

"वेन्लाच," एक म्हातारा म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रार्थनाघरात कुणाचं मूल ओरडलं तर सगळे जसे समोर बघतात, तसे ते समोर बघत राहिले.

राइलीला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, आणि तळपायापासून जी आग निघाली ती थेट डोक्यात गेली.  तिने सांडलेली कॉफी पुसली.

वेन्ला झाडीतून आली तेव्हा लोक तिचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. मोठा नर, एका गोळीत पडलेला. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. ती हसत होती, पण डोकं एका बाजूला कलतं धरून, पाण्यात बुडी मारून आलेल्या माणसासारखं.

"आई, या बाजूने बोल," ती म्हणाली. "डाव्या कानात शिटी वाजतेय."

"नळी कुठे आहे?"

वेन्लाने बापाकडे बघितलं. "सकाळी बाबाने काढून ठेवली. गटाचा नियम आहे म्हणाला. म्होरक्याच्याच घरातून नियम मोडला तर कसं दिसेल म्हणाला."

"आणि टोप?"

"गळ्यात होता. वेळच नाही मिळाली गं."

रायफलीच्या तोंडाशी काही नव्हतं. राइलीने तिथे बोट लावून बघितलं, अजून कोमट होतं. तिने बोट बंडीला पुसलं, आणि रेयोला शोधायला गेली.

रेयो गटाचा चिटणीस. प्रार्थनाघरात दर तिसऱ्या रविवारी प्रवचन करतो, माणूस मऊ, आवाज लोण्यासारखा. तो पडलेल्या मुसाशेजारी सुरी पुसत होता.

"देवाची शांती, राइली," तो म्हणाला. "काय नेम पोरीचा! तायस्तोवर गेलीय."

"तायस्तोला मेसेज कोण पाठवतं?"

रेयोने सुरी आणखी पुसली. "कसला मेसेज?"

"रेयो, मी तिथे उभी होते. माझ्या हातातून कॉफी सांडली आणि त्याची मान हलली नाही. मग फोन थरथरला. कोण पाठवतं?"

"मी," रेयो म्हणाला. "कधी पेन्टी."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. अगं, त्याचं मन कोण मोडणार? गटासाठी राबला माणूस. तो कान देऊन उभा असतो, आपण जरा मदत करतो. त्यात कुणाचं काय जातं?"

"काय जातं?" राइलीचा आवाज चढला तसं कुत्रंही उठून उभं राहिलं. "म्होरक्याला ऐकू यावं म्हणून तुम्ही पोरांच्या बंदुका उघड्या ठेवता. म्होरक्याला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत आहे, त्याला माहीत आहे, या कुत्र्यालाही माहीत असेल. मग हा आवाज चाललाय कुणासाठी, रेयो? माझ्या पोरीचा कान कुणासाठी गेला?"

"नियम लगेच कसा बदलणार? आणि त्या नळ्या... त्यांचाही त्रास असतो. माझ्या भाच्याने लावली होती पलीकडच्या गटात, दोन हिवाळ्यांत बंदूक गंजली."

"भाच्याने ओली नळी न काढता रायफल कपाटात ठेवली असेल. आतलं पाणी बंदुकीत उतरलं, गंजणार नाही तर काय? काढायची, वाळवायची. ओले मोजे पायात घालून झोपतोस का तू?"

"तू रागावली आहेस," रेयो हळूच म्हणाला, प्रवचनातल्या आवाजात.

"हो," राइली म्हणाली. तिने हा शब्द असा, इतक्या सरळ, पूर्वी कधी उच्चारला नव्हता. तोंडात विचित्र लागला, पण थुंकावासा वाटला नाही.

ऊलू शहरातल्या कानाच्या डॉक्टरणीने सांगितलं, शिटी कदाचित जाईल, कदाचित राहील. उंच स्वर गेलेत ते मात्र परत येणार नाहीत. उजवा कान चांगला आहे, तो जपा. आणि वेन्लाला पुन्हा ठिय्यावर जायचं होतं. तेही राइलीला पटत होतं. पोरीने पहिल्याच दिवशी एका गोळीत जनावर पाडलंय, ती काय आता घरात बसून लोकर विणेल? पुढचा हाका नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी मुसाचं जेवण.

तोवर घरात तायस्तो आणि राइली एकाच टेबलावर जेवले आणि बोलले नाहीत. तायस्तोला वाटलं, ती पुटपुटत असेल.

मुसाचं जेवण म्हणजे गटाने गावाला द्यायचं जेवण. ज्यांच्या रानात शिकार होते त्या जमीनवाल्यांना आधी वाढतात, त्यांचे आभार मानतात आणि ज्यांचा करार संपलाय त्यांच्याकडून नवी सही घेतात. कागद लांब टेबलावर मांडलेले असतात, शेजारी पेन आणि साखरेचा डबा. सही करायला कुणाला सांगावं लागत नाही. राइली तर दरवर्षी स्वयंपाकात असते. पातेल्याशी उभी राहून, हातातली डाव खाली ठेवून, ओल्या बोटांनी सही करायची आणि परत वाढायला लागायची.

तसंच यंदाही ती वाढत होती. मुसाचं मांस, बटाटे, गाजर, वर काळी मिरी. सभागृह भरलं होतं. रेयोने भाषण केलं, देवाचे आभार मानले, जमीनवाल्यांचे मानले, वेन्लाच्या नेमाचं कौतुक केलं. वेन्ला उजवा कान त्याच्याकडे करून ऐकत होती. ते वळणं राइलीने बघितलं. हातातली डाव तिने पातेल्यात सोडून दिली.

"राइली, हाउकिसुओचा कागद," रेयोने टेबलावरून हाक मारली. "पोटं भरलीयेत, आता सही तेवढी."

"करणार नाही," राइली म्हणाली.

कुणीतरी हसलं, तिची गंमत आहे असं वाटून. राइली गंमत करत नाही हे लक्षात यायला जरा वेळ लागला.

"हाउकिसुओवर यापुढे उघड्या तोंडाची बंदूक येणार नाही," ती म्हणाली. तिला भाषण करायची सवय नव्हती. मुलांना जेवायला बोलावताना लागतो तसा आवाज लागला. "ज्याच्या रायफलीवर नळी असेल त्याने यावं. तुमचा नियम बदला, मी सही करते. नाही बदललात, तर ठिय्ये दुसरीकडे शोधा. माझ्या भावाला विचारा, त्याच्याकडे बटाट्याचं शेत आहे."

मागच्या टेबलावर एकाला खोकला आला. पेन्टी उभा राहिला. चांगला माणूस, पण जीभ सैल. "राइली, तुझ्या कारखान्याचा माल खपवायला आलीस का? आधी बाजार तरी बघायचा!"

"तुझ्या कानात घालायला कापूस फुकट देते, पेन्टी. बाकीच्यांना मी नाही विकत, दुकानात जा, कुणाचाही घ्या. मी बनवलेला नको असेल तर नॉर्वेचा घ्या."

"पण म्होरक्याला ऐकू येणार कसं? नियम त्याच्यासाठी आहे."

सगळे तायस्तोकडे बघू लागले. तो पहिल्या टेबलावर बसला होता, पाव मोडत. माना आपल्याकडे वळल्या म्हणून त्याने वर बघितलं आणि ओठांवर हसू आणलं, नातवंडांसमोर आणतो तसं.

 सगळे पुन्हा समोर बघू लागले, ताटांकडे, खिडक्यांकडे. ते बघून राइलीच्या रागाला बांध राहिला नाही.

"त्याला ऐकू येत नाही!" ती म्हणाली. "हे बघा, मी बोललेही, आणि छत पडलं नाही. माझ्या नवऱ्याला गोळी ऐकू येत नाही. रेयो त्याला फोनवर कळवतो. तुम्ही सगळे चांगली माणसं म्हणून मूग गिळून बसलात, आणि त्या चांगुलपणाची किंमत माझ्या पोरीच्या डाव्या कानाने दिली. उद्या तुझ्या नातवाचा कान, पेन्टी. रायफल तर तोही धरतो ना आता हातात? मी तिकडे रोज मुखवटा बांधून धूळ खाते, अनोळखी लोकांचे कान वाचवते, आणि घरी येऊन स्वतःच्या माणसाशी ओरडून बोलते. मला आता नाही ओरडायचं. आज शेवटचं."

रेयो टेबलामागून पुढे आला. त्याचे डोळे भरले होते, खोटं नव्हतं ते. सगळ्यांदेखत त्याने दोन्ही हात पुढे केले. "राइली, बहिणी, आमचं चुकलं. माझं चुकलं. क्षमा मिळेल का?"

सभागृह मोकळा श्वास घेतल्यासारखं हललं. आता काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती ते वाक्य म्हणेल, गळ्यात हात पडतील, बायका डोळे टिपतील, सही होईल, कॉफी येईल. नियम काय, पुढच्या उन्हाळ्याच्या सभेत बघू.

राइलीलाही ते दिसलं. म्हणूनच तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द स्पष्ट म्हटला, "येशूच्या नावाने आणि रक्ताने, रेयो, तुझी क्षमा झाली." मनापासून म्हटलं. त्यात ती खोटं बोलणारच नव्हती. त्याच्या गळ्यात हात टाकले, मग सोडले. "आणि सही मी करणार नाही. क्षमा देवाची आहे, ती मागशील तेव्हा मिळेल. दलदल माझी आहे."

रेयो हात तसेच धरून उभा राहिला.

तेव्हा तायस्तो उठला. त्याने किती ऐकलं, किती ओठांवरून वाचलं, किती चेहऱ्यांवरून, सांगता येत नाही. त्याने फोन खिशातून काढला आणि रेयोच्या हातात दिला, हात रिकामेच होते त्याचे. मग खोलीला मोठ्याने विचारलं, ऐकू न येणारे विचारतात तसं, गरजेपेक्षा फार मोठ्याने, "नियम काढायच्या बाजूने कोण?"

पहिला हात पेन्टीचा वर गेला. मग बाकीचे. काही घाईने, काही डोकं खाजवायचंय असं दाखवत. तायस्तोने मोजले नाहीत. त्याने स्वतःचा हात वर केला नाही, पण नियमांचा कागद ओढून घेतला आणि त्या ओळीवर पेनने आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतक्या जोराने. तेच पेन त्याने राइलीपुढे धरलं. तिने सही केली. 

"चला, गोड झालं सगळं," रेयो म्हणाला.

"गोड काही झालं नाही," राइली म्हणाली. "नियम गेला. तिच्या कानातली शिटी आहे तिथेच आहे. गोड म्हणू नकोस."

आणि ती पातेल्याकडे गेली, कारण मागच्या टेबलाला अजून वाढायचं होतं.

परतताना चार वाजताच अंधार पडला होता. वेन्ला थोरल्या भावाच्या गाडीतून पुढे गेली. राइली गाडी चालवत होती, तायस्तो शेजारी, डावा कान तिच्याकडे. म्हणजे जो पार गेलेला तो. गावाचा फलक मागे पडला, मग नुसती झाडं.

"रेयोला माफ केलंस," तायस्तो समोर बघत म्हणाला.

"हो."

"मला?"

"तू मागितली कुठे?"

"काय?"

ती आणखी मोठ्याने बोलू शकली असती. इतकी वर्षं तेच करत आली होती. त्याऐवजी तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, आतला दिवा लावला, आणि तो आपलं तोंड बघतोय याची खात्री करून साध्या, घरातल्या आवाजात पुन्हा म्हणाली, "तू अजून मागितली नाहीस, तायस्तो."

त्याने तिच्या ओठांवरून वाचलं. मग त्याने मागितली. वेन्लाचं नाव घेऊन मागितली, सकाळी नळी काढली त्याची, आणि ऐकू येतंय असं दाखवत रस्त्यावर उभा राहिला त्या सगळ्या शनिवारांची. आवाज फुटत होता आणि त्याला स्वतःला तो ऐकू येत नव्हता.

राइलीच्या ओठांवर ते वाक्य आपोआप आलं, लहानपणापासून यायचं तसं. ती देणार होती, यात शंका नव्हती. न देता झोपणं तिला आलंच नसतं. पण तिने ओठ मिटले, आतला दिवा विझवला आणि गाडी पुढे काढली. घराचं वळण यायला अजून अवकाश होता. तेवढा रस्ता तिने रागासाठी ठेवला.